कांजिण्यांचं विस्मरण

एक्स-रेवाल्याला कांजिण्या आल्या. मोठ्या सिस्टरनी नियम सांगितला, की त्याच्याजवळ बसणाऱ्यांपैकी ज्यांना कांजिण्या कधीच आल्या नाहीत, त्यांनी तीन आठवडे घरी राहायचं. एरवी त्या बापड्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. आता नऊ जिवलग निघाले. उद्याच्या पाळीला माणसं उरली दोन आणि खाटा चाळीस.

सिस्टरनी स्पीकर चालू ठेवून पहिल्या जिवलगाच्या, म्हणजे मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरच्या, आईला फोन लावला.

“त्याला? अहो, चौथीत असताना आल्या की. खाजवायचा म्हणून हातांना मोजे बांधले होते मी. पाठीवर वण आहेत, बघा.”

“बघते हं, मावशी.” सिस्टर बाकीच्यांकडे वळल्या. “आता कुणाच्या आईचा नंबर?”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरलेल्या आठांनाही आपापलं बालपण लख्ख आठवलं.