रामटेकच्या मुगवड्यांतली भागीदारी

रामटेकच्या गडाखाली राहणाऱ्या गोपिकाला स्वतःची कमाई हवी होती. १९७८ साली नागपूरच्या एका दवाखान्यात शेजारच्या खाटेवर तिला मोमिनपुऱ्याच्या सरवरीबी भेटल्या. त्यांच्या गल्लीतल्या अकरा जणी पैसे जमवून बायकांच्या धंद्यात घालत.

"मले मुगवड्या करता येते," गोपिका म्हणाली. "व्याज किती घेता, आपा?"

"व्याज आमच्यात हराम. नफ्यात रुपयामागं सहा आणे आमचे, दहा तुहे."

"अन् बुडालं त?"

"पैसे आमचे बुडतीन, मेहनत तुही. पण तुह्या हयगयीनं बुडालं, त भरून द्या लागन."

गोपिकानं दोनशे रुपये घेतले. "यात काहीतरी गोम आहे," असं तिचा नवरा आनंदराव म्हणाला आणि आठवडाभर ती शोधत बसला.

दिवाळीनंतर गच्चीवर वड्या वाळत होत्या. गडावरून माकडं उतरली. गोपिका काठी घेऊन उभी होती. माकडांनी वड्या खाल्ल्या आणि जाताना काठीही नेली.

तिनं निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी सरवरीबी बसनं चौकशीला आल्या.

"राखण कोन करत होतं?"

"मीच. तुमचा इश्वास नाही काय?"

"इश्वास आहे वं. पाहनं बी लागते."

त्या एकट्याच गच्चीवर गेल्या. खाली आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीतली केळी नव्हती आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता. चष्मा शेजारच्या कौलांवर सापडला. तो पुसून घातला आणि त्यांनी निकाल दिला, "हयगय नाही."

म्हणजे देणं नव्हतं. गोपिकाला हायसं वाटायला हवं होतं, पण तिला लाज वाटली. अकरा बायकांचे पैसे माकडांनी खाल्ले होते.

"आता नाही मागत मी," ती म्हणाली.

"काहून? धंदा बंद करायचं कोनी म्हटलं? आनखी दोनशे देतो. आधी जाळं घे."

तलावावरच्या ढिवरांचं जुनं जाळं गच्चीवर ताणलं गेलं. माकडं वरून बघत बसत. होळीपर्यंत एकशे साठ रुपये नफा झाला. साठ मोमिनपुऱ्यात गेले, शंभर गोपिकाचे झाले. त्यातले वीस तिनं त्याच फंडात घातले आणि बारावी बाई झाली.

पहिल्याच बैठकीत कामठीच्या एका बाईला शिलाई मशीन द्यावी की नाही, यावर तीन तास वाद झाला. गोपिका नको म्हणत होती. ती हरली आणि संध्याकाळच्या बसनं घरी आली. आनंदरावानं भात टाकून ठेवला होता. थोडा खाली लागला होता. दोघांनी तो खाल्ला.