कृत्तिकांची सातवी बहीण

मी एक जुनी पितळी समई आहे, मित्रांनो, आणि आता फार थकले आहे. पुण्याच्या एका ओताऱ्याने मला घडवलं. बैलगाडीतून झाशीला आले, तेव्हापासून खंडेराव गेटजवळच्या या मराठी कुटुंबाच्या देवापुढे उभी आहे. पूर्वी मला रोज चिंचेने घासत. आता वर्षभर फडक्यात गुंडाळून ठेवतात. देवघरात विजेची माळ लुकलुकते. कार्तिकात इंदिराकाकूंचं व्रत असतं, तेवढाच माझा मान.

काकू हातात अक्षता धरून कृत्तिकांची कहाणी सांगतात. सात ऋषिपत्नी होत्या. सहाजणींवर नवऱ्यांनी उगाच संशय घेतला, त्यांना घराबाहेर काढलं. त्या आकाशात कृत्तिकांच्या चांदण्या झाल्या. सातवी अरुंधती, ती नवऱ्याजवळ राहिली.

यंदा व्रताचं उद्यापन होतं. सात सवाष्णी जेवायला हव्यात, सहाच ठरल्या होत्या. काकूंची लेक निवेदिता याच गावात राहते. पण तिने जातीबाहेर लग्न केल्यापासून घरात कोणी तिचं नाव घेत नसे.

"सातवी म्हणून शेजारच्या मिश्राजींच्या बायकोला सांगू," कहाणी मध्येच थांबवून काकू म्हणाल्या.

सून शमिका हळूच म्हणाली, "आईजी, ग्रीस देशातही या चांदण्या म्हणजे सात बहिणीच. पण तिथली सातवी तोंड लपवते. बाकीच्यांनी देव वरले, हिने साधा माणूस. म्हणून तिला लाज वाटते. आणि ऑस्ट्रेलियाचे मूळ लोक सांगतात, एक पुरुष मागे लागला तेव्हा सगळ्या बहिणी मिळून पळाल्या."

"मिळून ना? मग त्या ग्रीसवालीला बहिणींनी हाक नाही मारली?"

"कहाणीत तरी नाही, जी."

"कसल्या मेल्या बहिणी! आणि आई? आई नव्हती का तिला?"

माझी एक वात तडतडली. काकूंना आपलंच बोलणं ऐकू आलं असावं. कहाणी अर्धी असताना अक्षता खाली ठेवत नाहीत. काकूंनी ठेवल्या आणि फोन मागितला.

"निवे, पौर्णिमेला न्हाऊन ये. सवाष्ण म्हणून जेवायचंय तुला. आणि जावईबापू पुरणपोळी खातात का गं?"

पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं.

मित्रांनो, पौर्णिमेनंतर मला पुन्हा गुंडाळतील. असू दे. तेल घातलं की मी उजेड देते, त्याहून जास्त माझ्या हाती काही नाही. सातवा पाट मांडायला मात्र माणसालाच उठावं लागतं. तुम्ही वेळीच उठा.