उन्हात ठेवलेली पेटी

"नळाचं पाणी घालायचं नाही हं. औषधांच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, तेच आणायचं. स्पंज भिजवायचा, पिळायचा, मगच पेटीत ठेवायचा. ओलावा दाखवणारा काटा सत्तरच्या पुढे नको आणि साठच्या खालीही नको."

पायाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात निघालेल्या बाबांनी गाडीत बसता बसता सुनेला हे सांगितलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तिने मान डोलावली.

मित्रांनो, मी एक जुनी सिगारची पेटी आहे. बाहेरून गुळगुळीत, आतून सीडरच्या सुवासिक लाकडाची. सुताराने मला एकही खिळा मारला नाही. झाकण अलगद सोडलं की आतली हवा हुश्श करते आणि मी बंद होते. पहिले पंधरा दिवस माझ्यात एकही सिगार ठेवला नव्हता. कोरडं लाकूड सिगारमधलाच ओलावा पिऊन टाकतं, म्हणून आधी नुसता ओला स्पंज ठेवून मला तयार केलं.

मग आईंचे सिगार आले. आई म्हणजे बाबांच्या पत्नी. त्यांनी तीस वर्षं कारखान्यात बसून सिगार वळले. निवृत्तीच्या दिवशी स्वतः वळलेले दोन डझन घरी आणले आणि म्हणाल्या, "घ्या, माझ्या हातचं आता एवढंच." वर्षभरात त्या देवाघरी गेल्या. पुढची पाच वर्षं बाबांनी आईंच्या वाढदिवसाला एकेक ओढला. मग डॉक्टरांनी डोळे वटारले आणि तेही सुटलं. बरंच झालं, ती सवय काही चांगली नव्हे. आता रोज सकाळी ते झाकण उघडतात, डोळे मिटून वास घेतात आणि झाकण लावतात. एकोणीस सिगार उरले आहेत. कारखाना बंद पडला, वळणारे हात गेले. हे बिघडले तर दुसरे कुठून आणणार? एवढ्याच भीतीने मी जीव मुठीत धरून असते.

सूनबाई फार टापटिपीची. गाद्या, डाळी, चपला, सगळ्यांना ऊन दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिसऱ्या दिवशी तिने झाकण उघडून आत बोट फिरवलं.

"अगं बाई, केवढा हा दमटपणा! बुरशी धरली तर बाबा म्हणतील, सुनेचं लक्ष नाही. थोडं ऊन दाखवते."

नको गं बाई, नको! मी ओरडले, पण लाकडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

आठवडाभर रोज दुपारी मी गॅलरीत तापत राहिले. साठ, पन्नास, चाळीस, काटा उतरत गेला. एका कोपऱ्यात तडकन आवाज झाला आणि केसाएवढी चीर पडली. काटा पाहून सूनबाई घाबरली आणि तिने न पिळलेला, टपटपणारा स्पंज आत ठेवून दिला. आधी भाजलं, मग भिजवलं!

मित्रांनो, तंबाखूच्या पानात कधी कधी किड्यांची बारीक अंडी असतात. थंडाव्यात ती निजून राहतात, उष्णतेने जागी होतात. काही दिवसांनी एका दुपारी मला माझ्या आतून आवाज आला. कुर्र... कुर्र... कुणीतरी आईंच्या हातचं खात होतं. आणि माझं झाकण घट्ट बंद होतं.

त्याच वेळी फोन वाजला.

"काटा किती आहे गं?" बाबांनी विचारलं.

"आहे की... बरोबर आहे, बाबा."

"मग रविवारी एक घेऊन येशील? ओढत नाही गं, नर्सबाई मला खिडकीतून फेकतील! नुसता वास घेईन. इथे औषधांच्या वासाने जीव नकोसा झालाय."

"आणते, बाबा. नक्की."

रविवारी तिने मला उघडलं. वरच्याच सिगारला सुईने टोचल्यासारखं भोक होतं, खाली तपकिरी भुकटी. तिने तंबाखूच्या दुकानदाराला फोन लावला आणि उन्हात ठेवल्याचं सांगून टाकलं.

"वहिनी, सिगार म्हणजे काय गाद्या आहेत उन्हात टाकायला?"

"टोमणे मग मारा हो. आधी उपाय सांगा."

"भोकं पडलेले वेगळे काढा. बाकीचे पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवा, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मग बाहेर. घाई केलीत तर फाटतील. पेटी झाडून सावलीत ठेवा."

सहा किडले होते. तेरा वाचले, म्हणजे वाचले असावेत. मला अजून धीर येत नाही. मी रिकामी पडले आहे, चिरलेली. बाबा मला ठेवतील की टाकतील?

मित्रांनो, सूनबाईवर माझा राग नाही. तिने मायेनेच केलं. पण नुसती माया पुरत नाही. ज्याला सांभाळायचं त्याला काय सोसतं, हे आधी नीट विचारून घ्या. आमच्यासारख्यांना सांगता येत नाही हो.

तिने बांधलेली पिशवी हातात घेतली, त्यातला एक चांगला सिगार अर्धा बाहेर काढला. तो नेला असता तर बाबांना काहीच कळलं नसतं. पण तो परत आत सारून तिने पिशवी बर्फाच्या कप्प्यात ठेवली. किडलेल्यांतला एक उचलला, भुकटी झटकली आणि तो स्वच्छ रुमालात गुंडाळला. "जे झालं ते बाबांना सांगायलाच हवं," असं पुटपुटत तिने इस्पितळात जायला चपला पायात सरकवल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.