राणी आणि दुर्री

नानांनी पत्ते वाटले आणि माझ्या हातात माझी बायको आणि मुलगी आल्या. मृदुला बदामची राणी होती आणि सहा वर्षांची रेवा इस्पिकची दुर्री. पोकरला बसलेल्या प्रत्येकाला आपलीच माणसं येतात, त्यामुळे कोणी मान वर करूनही बघितलं नाही.

समोर माझे साडू उल्हासराव बसले होते. त्यांना जुळे मुलगे आहेत, म्हणजे त्यांच्याकडे दोन एक्के असणार हे सांगायला ज्योतिषी नको. सुरुवातीच्या दोन पानांत याहून भारी काही नसतं. माझी पानं एका रंगाची नव्हती, लागून नव्हती, जोडी तर नव्हतीच. दुसऱ्या कोणाचा हात असता तर मीच म्हणालो असतो, टाकून दे बाबा.

"काय करताय, दिगंबरराव?" नानांनी विचारलं. नाना उल्हासरावांचे वडील; पत्ते नेहमी तेच वाटतात.

"टाकली तर कुठे जातात?"

"गड्डीखाली. पिसताना येतात कधीतरी वर."

शेजारच्या पेंढारकरांनी मागे आईला टाकलं होतं. त्या अजून वर आलेल्या नाहीत. पेंढारकर हल्ली दोन कप चहा करतात आणि दोन्ही स्वतःच पितात.

"आणि खेळून हरलो तर?"

"तर आमच्याकडे राहतील," उल्हासराव म्हणाले. "काळजी करू नका. पोरीला वेगळी खोली देऊ."

मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. उठायला गेलो तर मागची भिंत खुर्चीला येऊन टेकली होती. मी विचार करत राहिलो तशी ती आणखी पुढे सरकली आणि टेबलाची कड माझ्या बरगड्यांत रुतली.

मी पानं छातीशी धरली. "मृदुला, काहीतरी कर," मी पुटपुटलो. "माझं डोकं चालत नाहीये."

"जोडी व्हायला हवी," ती म्हणाली. "दुर्रीची का होईना. थांबा जरा, मला उतरू दे."

तिने आधी मुकुट काढला, मग केस, मग नाक-डोळे. लग्नाहून आल्यावर दागिने काढून ठेवते, तितक्याच शांतपणे. शेवटी पानावर दोन बदाम उरले. मला हुंदका आवरेना. पण हात सुधारला होता, हेही खरं. दुर्रीची जोडी एक्क्यांपुढे फार टिकत नाही, तरी ती कोणी न खेळता टाकत नाही.

"खेळतो," मी म्हणालो.

"बोललात. आता माघार नाही," नाना म्हणाले.

रेवाला धीर द्यावा म्हणून मी दुसरं पान जरासं सरकवलं. तिथे इस्पिकची राणी होती. आमचं बोलणं ऐकून तीही कामाला लागली होती. कपाळावर आठ्या होत्या, कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. आवाज मात्र तिचाच होता.

"बाबा, मी आईएवढी झाले. आता जोडी झाली ना?"

"झाली," मी म्हणालो.

ती खूश झाली आणि पानाच्या कडेवरून वाकून शेजारच्या पानावर आईला शोधू लागली.