चव्वेचाळीस नंबरची जर्सी

गुरुनाथला अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली, की मुलगा मिशा फुटण्याच्या वयाला आला, तरी या देशाने त्याचं मत कधी विचारलं नव्हतं. ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या माणसाने मुकाट कर भरावा आणि अधूनमधून व्हिसाचे कागद नवे करून घ्यावेत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. त्यामुळे अल्फारेटा या त्याच्या गावातल्या मुलांच्या फुटबॉल लीगने जेव्हा पालकांना कळवलं, की खेळातल्या एका नियमावर रविवारी मतदान आहे आणि दर घरामागे एक मत आहे, तेव्हा गुरुनाथला थेट व्हाइट हाउसमधून बोलावणं आल्यासारखं वाटलं. त्याने त्याच दिवशी इस्त्रीला शर्ट काढला.

हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. हा लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचा. पूर्वी गुरुनाथ त्याला ‘हेल्मेटवाल्यांची चेंगराचेंगरी’ म्हणायचा आणि क्रिकेटच्या नावाने उसासे टाकायचा. मग देवांगची टीममध्ये निवड झाली. गुरुनाथने दोन-तीन आठवडे जेवताना मोबाइलवर फुटबॉलचे व्हिडिओ पाहिले आणि तो या खेळातला जाणकार झाला. मूळचा पुण्याचा असल्यामुळे त्याला त्याहून जास्त वेळ लागण्याचं कारणच नव्हतं.

मतदान होतं ‘ब्लाइंडसाइड ब्लॉक’वर. चेंडू घेऊन एक जण पळतो, त्याला धरायला दुसरा त्याच्यामागे धावतो. या दुसऱ्याचं सगळं लक्ष चेंडूवर. अशा वेळी तिसऱ्याने बाजूने, त्याच्या नजरेआडून यायचं आणि खांद्याने त्याला पूर्ण ताकदीनिशी उडवायचं. ज्याला उडवायचं त्याला आधी पत्ता लागता कामा नये, हीच त्यातली कला. डोक्याला इजा होते म्हणून बहुतेक ठिकाणी हा प्रकार बंद झाला होता. ही लीग मात्र परंपरेची कदर करणारी. तिने तो अजून जपून ठेवला होता, आणि आता काही आयांनी आरडाओरडा केल्यामुळे नाइलाजाने मत घ्यायचं ठरवलं होतं.

गुरुनाथ अर्थातच परंपरेच्या बाजूने होता, कारण त्याच्याकडे व्हिडिओ होता.

तीन शनिवारांपूर्वी टीमचे दोन भाग करून सरावाची मॅच झाली होती. गुरुनाथला जाता आलं नव्हतं. ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर चालू करायचं होतं आणि ते नेहमीप्रमाणे चालू होत नव्हतं. संध्याकाळी एका पालकाने ग्रुपवर छोटीशी क्लिप टाकली. एक मुलगा चेंडूमागे जिवाच्या आकांताने पळतोय, आणि बाजूने चव्वेचाळीस नंबर येतो आणि त्याला असा धडकतो की पोरगं जमिनीवरून सुटतं, पाठीवर आपटतं, हेल्मेट दाणकन मातीवर. काही क्षण ते हलतच नाही. मग गुडघ्यावर येतं, उठतं आणि चुकीच्या दिशेला चालायला लागतं.

चव्वेचाळीस! देवांगचा नंबर. गाडीच्या मागच्या काचेवर गुरुनाथने हौसेने चिकटवलेला नंबर. तो जिने चढून देवांगच्या खोलीत धावला. देवांग दिवे मालवून, उशी डोळ्यांवर घेऊन पडला होता. गुरुनाथने त्याला उठवून मिठी मारली, पाठीवर थापा मारल्या, “काय उडवलंस रे त्याला!” म्हणाला. देवांग “हं” म्हणाला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पण बापाला तेवढं पुरलं. या पोराच्या मार्कांवर, केसांवर आणि मराठीवर बोलताना त्याला एवढं भरून कधी आलं नव्हतं.

मग तो व्हिडिओ गावभर झाला. पुण्याला मोठ्या भावाला गेला. तिकडून ‘वाघ आहे’ असा निरोप आला. ऑफिसात मॅनेजरला दाखवून झाला. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसादाची रांग लागायच्या आत गुरुनाथने तो रांगेतल्या प्रत्येकाला दाखवला, आणि लोकांना मोदक हवे असल्यामुळे त्यांनी तो पाहिला. केस कापणाऱ्या व्हिएतनामी बाईंनी तो दोनदा पाहिला, कारण पहिल्यांदा गुरुनाथची मान हलली.

“पण त्या खाली पडलेल्या पोराचं काय झालं?” असं त्याला फक्त दोघांनी विचारलं. एक त्याची बायको दीपा. दुसरा सुमंत.

सुमंत नागपूरचा, गुरुनाथचा इथला सगळ्यात जुना मित्र. त्याचा निमिष देवांगच्याच टीममध्ये होता आणि त्या सरावाच्या मॅचनंतर त्याने खेळ सोडला होता. का, ते घरीही सांगेना. गुरुनाथने सुमंतला मायेने सल्ला दिला, की काही मुलं नाजूक असतात, त्यांना बुद्धिबळ लावावं. सुमंत हसला नाही. आपला नियम बंद करण्याच्या बाजूने मत आहे, एवढं त्याने सांगितलं आणि विषय बदलला.

दीपाने विषय बदलला नाही. तिच्या मते पोरगा हल्ली बरा दिसत नव्हता. डोकं दुखतं म्हणायचा, जेवणाच्या टेबलावर दिवा नको म्हणायचा, एकदा स्वतःच्या शाळेच्या लॉकरचा आकडा विसरला. तिला वाटायचं, त्यालाही कुठेतरी लागलं असेल. गुरुनाथचं निदान तयार होतं: मोबाइल. या वयातल्या मुलांना दुसरा आजारच नसतो. देवांगला विचारलं की तो “आय ॲम फाइन” म्हणायचा आणि प्रॅक्टिसला जायचा.

दीपाने आपल्या परीने सीझनच्या सुरुवातीलाच एक उपाय केला होता. तिच्या आईने नाशिकहून पाठवलेला काळा दोरा तिने नवऱ्याच्या हातात दिला होता आणि पोराच्या पायात बांधायला सांगितलं होतं. इतक्या लोकांपुढे खेळणार, दृष्ट लागेल. गुरुनाथने आधी विज्ञानावर छोटं भाषण केलं आणि मग तो दोरा स्वतःच्या हातांनी देवांगच्या डाव्या घोट्यावर बांधला. प्रॅक्टिसमध्ये गाठ सुटते असं कळल्यावर इंजिनिअर जागा झाला. सर्व्हर रूममध्ये केबलींना गुंडाळतात ती पिवळी चिकटपट्टी त्याने ऑफिसातून आणली आणि गाठीवर तीन वेढे मारले. त्या घरात दोरा सासूचा आणि गॅरंटी जावयाची होती.

रविवारी दुपारी हॉल भरला. दीपा आणि देवांग मागच्या रांगेत बसले. देवांगने आत येऊनही टोपी आणि गॉगल काढला नाही. गुरुनाथ म्हणाला, स्टाइल आहे. सुमंत एकटाच आला होता, भिंतीला टेकून उभा राहिला. लीगच्या अध्यक्ष होत्या मिसेस हॉलोवे. त्यांनी आधी बंदीच्या बाजूचं ऐकून घेतलं. एका नर्स आईने मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यांबद्दल सांगितलं. लोकांनी सहानुभूतीने ऐकलं आणि घड्याळं पाहिली. मग गुरुनाथ उठला.

त्याने स्लाइड्स केल्या होत्या. त्याच्यासारखा माणूस स्लाइड्सशिवाय स्वतःच्या लग्नातही बोलला नसता. पहिल्या स्लाइडवर लिहिलं होतं की आयुष्य सांगून धडक देत नाही. दुसरीवर, की मुलांनी आजूबाजूला बघायला शिकलं पाहिजे. तो सांगत होता की आपण या देशात दोन बॅगा घेऊन आलो, आपल्याला कोणी हेल्मेटही दिलं नाही. आणि समोरचे बाप माना डोलावत होते. एक आडदांड गृहस्थ तर मोठ्याने “आमेन” म्हणाले. गुरुनाथचा आवाज चढला. इतक्या वर्षांत प्रथमच अमेरिका त्याचं ऐकत होती.

“धिस इज माय सन,” तो म्हणाला आणि त्याने व्हिडिओ लावला.

भिंतभर पडद्यावर चव्वेचाळीस नंबर आला, धडकला. हॉलमध्ये कौतुकाची ‘ऊ’ उमटली. गुरुनाथने सांगितलं, की विरोधक म्हणतात यात इजा होते, तर त्या पडलेल्या मुलाकडे जरा नीट पाहा. तो उठतोय. चालतोय. काहीही झालेलं नाही त्याला. पुरावा म्हणून त्याने चित्र थांबवलं आणि मोठं केलं.

मोबाइलवर ते पोरगं बोटाएवढं दिसायचं. इथे ते माणसाएवढं होतं. गुडघ्यावर आलेलं, एक हात जमिनीवर चाचपडणारा. डाव्या पायाचा मोजा खाली सरकला होता. घोट्यावर काळा दोरा होता आणि दोऱ्यावर पिवळी चिकटपट्टी, तीन वेढे.

गुरुनाथने ते वेढे मोजले. मग पुन्हा मोजले. अल्फारेटात काळा दोरा बांधणारी घरं बरीच असतील, पण केबलची पट्टी लावणारा गाढव एकच होता.

त्याने मागच्या रांगेकडे पाहिलं. दीपा उभी राहिली होती. तिचा एक हात देवांगच्या खांद्यावर होता आणि नजर पडद्यावर. तिने खाली वाकून देवांगचा मोजा खाली केला, बघितलं, आणि पुन्हा वर केला.

मिसेस हॉलोवेंनी गोड आवाजात विचारलं, की आणखी काही सांगायचंय का. गुरुनाथने पडद्यावरचं चित्र तसंच राहू दिलं. तो खुर्च्यांमधल्या वाटेने मागे चालत गेला. लोकांना तो भावुक झालाय असं वाटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज झाला तसे देवांगने दोन्ही कान दाबून घेतले.

“तू होतास तो?” गुरुनाथने विचारलं. “मग नंबर?”

“बाबा, प्रॅक्टिसला जर्सी ढिगातून घेतात. एनी नंबर. एव्हरीबडी नोज दॅट.” देवांग हळू बोलत होता. “फोर्टी-फोर निमिषने घातली होती. तो खूप रडला. मीच त्याला म्हटलं, डोन्ट टेल.”

एव्हरीबडी म्हणजे हॉलमधला प्रत्येक बाप. गुरुनाथच्या शाळेत गणवेशावर नाव शिवलेलं असायचं आणि एकाचा सदरा दुसऱ्याने घातला तर छड्या बसायच्या. जर्सी बदलू शकते हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि कुणाला विचारावं तर तो जाणकार होता.

“मला का नाही सांगितलंस?”

देवांगने गॉगल काढला. उजेडाने त्याचे डोळे आपोआप मिटले. “मी सांगणार होतो. तुम्ही रूममध्ये आलात आणि हग केलंत. यू वेअर सो हॅपी, बाबा. तुम्ही माझ्यामुळे कधीच एवढे हॅपी नसता.”

गुरुनाथला लाज वाटली. साधी, कान तापवणारी लाज, शाळेनंतर पहिल्यांदाच. भिंतीपाशी सुमंतने हे सगळं ऐकलं होतं. नाजूक पोराचा बाप मान खाली घालून उभा होता, आणि त्याची क्षमा मागावी एवढंही गुरुनाथला त्या क्षणी सुचलं नाही.

तेवढ्यात मतदान सुरू झालं. बंदीच्या बाजूने हात वर करा, असं मिसेस हॉलोवे म्हणाल्या. गुरुनाथने हात वर केला, अगदी खांदा दुखेपर्यंत ताणून. या देशातलं त्याचं पहिलं मत. दीपा त्याच्याकडे बघतही नव्हती. घराचं मत एकच असल्यामुळे तिला हातही वर करता येत नव्हता. सुमंतचा हात वर होता, नर्सबाईंचा होता, आणखी काही आयांचे होते. बाकीच्यांनी नियम आहे तसाच ठेवायला हात वर केले आणि त्यांची संख्या कितीतरी जास्त होती. नियम कायम राहिला. बाहेर पडताना आमेनवाल्या गृहस्थांनी गुरुनाथचा हात दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं, की ते खरं तर बंदीला मत द्यायला आले होते, त्याच्या भाषणाने त्यांचे डोळे उघडले.

गाडी दीपाने चालवली, थेट हॉस्पिटलकडे. मागच्या काचेवर चव्वेचाळीस होता. सुमंत त्याच्या गाडीतून मागोमाग आला, कुणी न बोलावता.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी देवांगला एका रेषेत चालायला लावलं, बोटाकडे बघायला लावलं, महिने उलट्या क्रमाने म्हणायला लावले. तो ऑगस्टपाशी अडकला. दीपाने त्याचा हात घट्ट धरला. डॉक्टर म्हणाल्या, मेंदूला हादरा बसलाय, आणि त्यानंतरही हा खेळत राहिलाय, ते फार धोक्याचं होतं. या वर्षी खेळ बंद. पुढचं तपासण्यांनंतर बघू. मग त्यांनी विचारलं, की हा नेमका कसा पडला, डोकं कुठे आपटलं, पडल्यावर किती वेळ हलला नाही. हे कळलं तर मदत होईल. तो पडला तेव्हा कोणी पाहिलं होतं का?

दीपाने नवऱ्याकडे पाहिलं. गुरुनाथने खिशातून मोबाइल काढला. क्लिप शोधावी लागली नाही, ती सगळ्यात वरच होती.

“सगळ्यांनी पाहिलंय,” तो म्हणाला, आणि आपण मराठीत बोललो हे त्याच्या लक्षात आलं नाही.