पाटावर बसलेले कुलूप

३ ऑक्टोबर १९८४, खंडेनवमी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. घाटकोपरच्या एका गाळ्यात कामाला बांधलेली नऊ माणसे होती आणि दाराला मी होते. मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. दिवसा गाळ्याचे मालक मधुकरशेठ मला दाराला आतून लावत, रात्री बाहेरून. किल्ली त्यांच्या करगोट्याला असे.

कुलपाचा धंदाच संशयाचा. ही माणसे चोर आहेत, असे शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि मी ते खरे धरले होते. कुडाळकडून आलेली ही माणसे पितळी मुठींना चकाकी देत. गावी घेतलेली उचल फिटेपर्यंत बाहेर पाऊल टाकायचे नाही, असा करार. पण उचल कधी फिटतच नसे. यंत्राचा पट्टा मात्र वरचेवर तुटे. तो मुद्दाम तोडला जातो असा मला संशय होता, आणि तो खरा निघाला. पट्टा सांधेपर्यंत मिळेल तेवढीच त्यांची विश्रांती.

त्या नवांतली सुगंधा नावाची बाई माझ्या भोकात खोबरेल तेल सोडी. तिची ही माया मला खुपत असे. कुलपाला कोण उगाच कुरवाळते?

त्या सकाळी हातोड्या, चिमटे धुऊन पाटावर मांडले. हळदकुंकू वाहिले, झेंडू ठेवला. सुगंधाचा दीर दत्ताराम खिळा ठोकायला पाटावरची हातोडी घेऊ लागला, तेव्हा शेठ त्याच्यावर खेकसले. पुजलेले हत्यार दसऱ्याआधी उचलले तर देवीचा कोप होतो, असे त्यांनी बजावले. सुगंधा तेवढ्यासाठीच थांबली असावी. पूजेला येणाऱ्यांसाठी दाराच्या कडीत उघडे लोंबत ठेवलेले मला तिने काढले, पुसले आणि पाटावर ठेवून कुंकू लावले.

"शेटानूं, वरसभर ह्या कुलपान सगळ्यांत जास्त काम केल्यान. तेची पूजा नको?"

शेठ तिच्याकडे रोखून पाहत राहिले. "भारी शहाणी झालीस गं. दार काय उघडं टाकू?"

"पुजलेला उचलूचा नाय, तुमीच आत्ता दत्तारामाक सांगितलात."

शेजारच्या गाळ्यांतील मंडळी पूजेला आली होती. ती ऐकत होती. देवीपुढे काढलेला शब्द चारचौघांत गिळणे शेठना जमेना. त्यांनी स्टूल ओढून दारातच बैठक मारली. मग नऊही जण प्रसादाच्या वाट्या घेऊन उठले. प्रसाद वाटायला निघालेल्यांना सणाच्या दिवशी, शेजाऱ्यांदेखत, अडवणार कसे? शेठना स्टूल बाजूला सरकवावे लागले.

मी पाटावरून पाहत होते. गल्लीच्या टोकापर्यंत त्यांनी खरोखरच प्रसाद वाटला. तिथून कोणी मागे वळले नाही. विचारत विचारत ते विक्रोळीला कामगार संघटनेच्या कुंदाताईंकडे पोहोचले, असे मी पुढे ऐकले. वेठबिगारी कायद्याने केव्हाच बंद झाली आहे, हे त्यांना तिथे पहिल्यांदा कळले. दसऱ्याला सरकारी माणसे गाळ्यात आली आणि पुरावा म्हणून मला घेऊन गेली.

आज मी एका सरकारी कपाटात काळवंडत आहे. मित्रांनो, कुलपाला तेल जरूर घाला. पण ते लावण्याआधी आत कोण आहे ते पाहा. चोराच्या भीतीने लावलेले कुलूप माणसाला बाहेर ठेवते. मी माणसांना आत ठेवत होते, आणि इतकी वर्षे संशय घेतला तो त्यांचाच. किल्ली बाळगणाऱ्याचा एकदाही नाही.

त्या गाळ्यात कामाला परतलेली माणसे : शून्य.