शेवटचा फर्मा

त्या घरात पुस्तकांचे शेवट आधी कळायचे.

नवरा बाइंडर. छापखान्यातून पुस्तकं मोठाल्या कागदांच्या गठ्ठ्यांनी यायची. कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा व्हायचा, आणि फर्म्यावर फर्मा रचत गेलं की पुस्तक. घड्या घालायच्या, फर्मे क्रमाने जुळवायचे हे काम बायकोचं. शिवायचं, पुठ्ठा चढवायचा आणि शिकंज्यात आवळायचं ते त्याचं. सासूने शिकवलं होतं तसं ती शेवटून जुळवायची. सगळ्यांत खाली शेवटचा फर्मा, त्यावर त्याच्या आधीचा, असं करत पहिला वर आला की जुडी तयार. त्यामुळे कोणतीही कादंबरी घरात आली की तिच्या नजरेखालून आधी शेवट जायचा. कोण मेलं, कोण परत आलं, ते तिला सकाळीच कळायचं, आणि हे असं का झालं याचा माग काढत ती दिवसभर उलटी चालत राहायची.

नवऱ्याला मात्र पहिल्या पानापासून वाचायची हौस. आणि त्याचं वाचणं म्हणजे रडणं. माणूस चांगला आडदांड, बोटांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे, पण हरवलेलं पोर आईला सापडलं एवढं वाक्य आलं की गडी हमसून हमसून रडायला लागायचा. सिनेमात भाऊ भावाला भेटला की रडायचा. टीव्हीवरच्या जाहिरातीत म्हाताऱ्याला नातवाचा फोन आला तरी रडायचा. छापखान्याच्या मालकाने त्याचं नाव ‘तोटी’ ठेवलं होतं. आला की दारातूनच म्हणायचा, "वहिनी, फर्म्यांवर प्लास्टिक टाका, तोटी सुटायची वेळ झाली." सगळे हसायचे. बाहीला नाक पुसत तोही हसायचा.

पण रडणं वेगळं आणि शेवट सोसणं वेगळं. हे तिला सासूच्या आजारात कळलं. म्हातारी आतल्या खोलीत शेवटच्या घटका मोजत होती आणि हा बाहेर टेबलाशी शिवत बसला होता. निरोपावर निरोप गेले. प्रत्येक वेळी तो मान वर न करता म्हणाला, "एवढं शिवून आलोच." आला तेव्हा चादर तोंडावर ओढून झाली होती. म्हातारीला चमच्याने पाणी पाजलं ते सुनेने. म्हातारी पाणी प्यायली, पण डोळे दारावरून हलले नाहीत. दाराकडे बघत बघतच गेली.

तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नाही. लोक म्हणाले, काळजाचा दगड आहे. आणि महिनाभराने टीव्हीवरच्या कुठल्याशा मालिकेत कोणाची तरी आई मेली, तेव्हा हा असा काही रडला की शेजारीपाजारी धावत आले. त्यांना वाटलं, घरात आणखी कोणी गेलं.

त्या दिवसापासून त्याने तिला विचारायला सुरुवात केली. नवं पुस्तक उघडायच्या आधी टेबलापलीकडून हळूच म्हणायचा, "शेवट कसा आहे गं?" बरा असला तर ती म्हणायची, वाचा. वाईट असला तर म्हणायची, नका वाचू. नका म्हटलं तरी तो वाचायचाच, पण शेवटच्या फर्म्याच्या अलीकडे थांबायचा आणि जुडी बाजूला ठेवायचा. सिनेमाचंही तेच. शेजारणीकडून शेवट काढून आणायचं काम बायकोचं. शेवट वाईट असला तर ऐन रंगात आलेला सिनेमा सोडून दोघं अंधारात लोकांचे पाय तुडवत, शिव्या खात बाहेर पडायची. त्यामुळे त्याच्या डोक्यात कोणी मेलेलंच नव्हतं. आजारी बाया उशीला टेकून बसलेल्या होत्या, लढाईवर गेलेली पोरं अजून आगगाडीतच होती. जेवताना मध्येच विचारायचा, "ती बरी झाली असेल, नाही?" ती गप्प राहायची. पानात वाढायला लागायची.

गप्प राहायची, कारण तिचा नेम होता. रोज सकाळी तोंड धुतलं की कागदाला हात लावायच्या आधी ती हात जोडायची आणि एवढंच म्हणायची, देवा, आज माझ्या तोंडून खोटं निघू देऊ नकोस. बाकी पूजापाठाला तिला सवड नव्हती. एवढा एक नेम तिने लग्नाआधीपासून सांभाळला होता, आणि नवऱ्याचा तिच्या ‘वाचा’वर विश्वास होता तो त्या नेमावरच.

तिच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा तिने बरेच दिवस अंगावर काढलं. मग तपासण्या झाल्या. शेवटच्या भेटीला नवरा बरोबर आला होता, पण दवाखान्याच्या बाकांसमोर टीव्हीवर सिनेमा लागलेला, तो तिथेच गुंतला. आत डॉक्टरबाई चाचरत बोलायला लागल्या, उपचार बरेच आहेत वगैरे. तिने त्यांना थांबवलं. म्हणाली, "बाई, मी शेवट आधी वाचणारी आहे. तेवढा सांगा." डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितला. औषधांनी तो थोडा लांबेल, टळणार नाही.

मरणाची तिला फारशी भीती वाटली नाही. तो भार तिने केव्हाच देवावर टाकलेला. तिला भीती वाटली दाराची. सासूचे ते डोळे तिला आठवले, आणि बाकावर बसून पडद्यावरच्या लोकांसाठी रुमाल भिजवणारा आपला नवरा दिसला. एवढंच मागणं तिने मनात धरलं, की आपण जाताना हा माणूस खोलीत असावा. रडला नाही तरी चालेल. असावा.

त्याने विचारलं, काय म्हणाल्या? ती म्हणाली, औषधं लिहून दिलीत. हे खोटं नव्हतं. घरी येईपर्यंत त्याने दुसरं काही विचारलं नाही, आणि हे त्याचं न विचारणं तिला विचारण्यापेक्षा जड गेलं.

हळूहळू तिचं टेबलाशी बसणं सुटलं. आतल्या खोलीत पलंगावर पडल्या पडल्या मांडीवर फळी घेऊन ती घड्या घालायची तेवढंच. त्यात एक जाड कादंबरी आली. सवयीने तिने शेवटचा फर्मा आधी उलगडला. गोष्टीतली बाई आजारी होती आणि शेवटी मरत होती, पण तिचा नवरा शेवटपर्यंत तिचा हात धरून बसला होता. उठला नव्हता. तिने तो फर्मा दोनदा वाचला. मग तिच्या मनात आलं, ह्यांनी एकदा हे कागदावर तरी पार केलं, एका बाईजवळ शेवटच्या ओळीपर्यंत बसले, तर कदाचित खोलीतही बसवेल. पोहायला शिकवताना आधी उथळ पाण्यात उतरवतात, तसं.

संध्याकाळी तो जुडी घेऊन तिच्या पायथ्याशी येऊन बसला. म्हणाला, "तुला वाचून दाखवतो. शेवट कसा आहे?"

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरा आहे. वाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हात जोडले, पण नेमाचे शब्द तोंडातून बाहेर पडेनात. कोणत्या तोंडाने म्हणणार? मनाशी तिने पुष्कळ वकिली केली. गोष्टीतला नवरा उठला नाही, म्हणजे शेवट बराच की. पण ज्याला फसवता येत नाही त्या देवाजवळ वकिली चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने जोडलेले हात तसेच सोडले.

तो रोज वाचत गेला. काय सुखाने रडायचा. गोष्टीतली बाई तापातून उठून खिडकीशी आली तर त्याने वाचणं थांबवून डोळे टिपले आणि म्हणाला, बघ, मी म्हणत नव्हतो? तुझंही असंच होणार. औषधाची चव कशी आहे विचारायचा, उशी नीट करायचा. इतकी वर्षं संसार केला, पण हा माणूस तिच्याजवळ सलग इतका कधी बसला नव्हता. तिला वाटायला लागलं, जमेल. देवाने एका खोट्याच्या बदल्यात एवढं दिलं तर दिलं.

शेवटचा फर्मा आला. तो खुर्ची पुढे ओढून बसला, बरा शेवट ऐकायला बसतात तसा. दोन पानं वाचली, तिसऱ्यावर आवाज अडखळला. त्याने पान उलटून पुढचं पाहिलं, परत मागे आला. मग फर्मा गुडघ्यावर ठेवून तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे कोरडे होते. सासू गेली तेव्हा होते तसे.

"तू कधी खोटं बोलत नाहीस," तो म्हणाला.

"नाही बोलत."

"मग हे?"

"तुम्ही शेवटपर्यंत बसावं म्हणून." तिला धाप लागली. "थोडंच राहिलंय. तेवढी पानं वाचा माझ्यासमोर. एवढंच करा."

मग त्याने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?"

तिने सांगितलं. आता खोटं बोलून काही वाचणार नव्हतं.

त्याने फर्म्याची घडी पुन्हा नीट केली, अंगठ्याच्या नखाने कड दाबली, आणि उठला. उठताना तिच्या पांघरुणाचं टोक सारखं केलं. बाहेर शिकंज्याचा दांडा फिरवल्याचा आवाज आला. आवळून झालं तरी तो फिरवतच होता.

त्यानंतर तो आत आला नाही. वाईट वागला असंही नाही. दूध तापवून उंबऱ्याशी ठेवायचा, दाराआडून विचारायचा, दुखतंय का? ती म्हणायची, आत या ना. तो म्हणायचा, खळीचे हात आहेत. शेवटी दुसऱ्या गावाहून लेक आली. तिने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी तिचा तोल गेला. बाहेर टीव्ही चालू होता, त्यात कोणीतरी कोणाला सोडून चाललं होतं, आणि बाप हुंदके देत होता.

"परक्या बाईसाठी रडतात," लेक आईला म्हणाली, "आणि इथे चार पावलं टाकत नाहीत. कसे दिवस काढलेस गं यांच्याबरोबर?"

आईने सांगितलं, ओरडू नकोस. त्यांना तेवढंच जमतं. पण हे लेकीसाठी होतं. रात्रंदिवस ती त्या हुंदक्यांना कान लावून असायची. यातला एखादा तरी आपला असेल का, हे तिला काही केल्या ओळखता येत नव्हतं.

मग एक दिवस छापखान्याचा मालक आला. आधी बाहेर त्याचा आवाज चढला, मग एकाएकी खाली आला, आणि तो आत येऊन स्टुलावर टेकला. हातात ती जाड कादंबरी होती, पुठ्ठा चढवलेली. दुकानांतून सगळ्या प्रती परत आल्या म्हणाला. एकाही प्रतीत शेवटचा फर्मा नाही. "वहिनी, सगळे फर्मे टेबलाखाली बांधून ठेवलेत त्याने. विचारलं तर म्हणतो, राहून गेले. वाचणारे विचारतायत, बाई जगली की मेली?" तो हसायला गेला, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून पुस्तकाची पानं चाळत बसला. तोटी वगैरे काही म्हणाला नाही.

तो गेल्यावर तिने लेकीकडून प्रत मागून घेतली आणि मागचं पान उघडलं. गोष्टीतली बाई उशीला टेकून बसली होती, नवरा खिडकी उघडायला उठला होता. तिथेच पुस्तक संपत होतं. शिवण सुबक होती. तिने त्यावरून बोट फिरवलं. जेवढं त्याच्या हातात होतं तेवढं त्याने केलं होतं. आणि यापलीकडे तो काही करणार नाही, हेही त्याच शिवणीत होतं. तिला रडू आलं नाही. तिचं तर शेवट वाचून कधीच रडून झालेलं असायचं.

दुरुस्ती करून देणं भाग होतं. तो टेबलाशी बसला. एकेका प्रतीची शिवण उसवायची, शेवटचा फर्मा लावायचा, पुन्हा शिवायची. फर्मा तो पालथा धरून लावत होता, अक्षर दिसू नये म्हणून. लेक म्हणाली, गठ्ठा पार खिडकीपर्यंत गेलाय.

ज्या दुपारी तिचा श्वास घशात वाजायला लागला त्या दुपारीही तो शिवतच होता. लेकीने पाण्याचा चमचा तिच्या ओठांना लावला आणि ती बाहेर धावली. आतून सगळं ऐकू येत होतं. लेक आधी चिडून बोलली, मग रडून बोलली, मग नुसतं "बाबा, चला ना" एवढंच म्हणत राहिली.

"एवढं शिवून आलोच," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले. हे वाक्य तिला पाठ होतं.

लेक परत आली, तिने दाराचा पडदा पुरता बाजूला सारला, म्हणजे बाहेरचं टेबल पलंगावरून दिसेल. त्याची वाकलेली पाठ दिसत होती. हात वर जायचा, खाली यायचा. आईची नजर तिकडे गेली आणि तिथेच चिकटून राहायला लागली, तशी ती घाबरली. सासूची नजर अशीच चिकटली होती.

"मला कुशीवर कर," ती म्हणाली.

"कुठे, इकडे? बाबा दिसतात इकडून."

"नको. भिंतीकडे."

लेकीने खांद्याखाली हात घालून तिला वळवलं. भिंतीला डोक्याच्या तेलाचा जुना डाग होता, बाकी काही नव्हतं. तिने जोडायला हात उचलले, पण ते एकमेकांपर्यंत पोचले नाहीत. पाठीमागे दोरा कागदातून सरकत होता. एक प्रत बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि दुसरी उचलल्याचा.